माय, हत्ती पाहायले चाल

सेक्टर ६, भिलाई
१२ जानेवारी १९८८

माय, तुझ्या पायावर भैयालालचं डोकं.

आमी सारे खुशाल आहो. काळी गाय व्याली का?

मार्चमध्ये तुले बेतलाच्या जंगलात रानहत्ती दाखवायले नेऊन राहिलो. सुट्टी मंजूर झाली, खोली पक्की झाली, जीपही ठरली. गुडघ्याचं कारण सांगू नको, चालायचं कामच नाही.

तुझी सून म्हणते, "मिलच्या खडखडाटात राहून राहून तुम्ही घरातही ओरडूनच बोलता, हत्ती पळतीन." मी म्हटलं, तिथं तोंडच उघडत नाही.

जाऊन आलेले सांगतात, हत्ती दिसायच्या आधी फांद्या मोडल्याचा आवाज येते. तू जीपमध्ये माझ्याच बाजूले बस. मले आताशा बारीक आवाज येत नाही; तुले आला का हळूच माझा हात दाब. सुनेले दिसू देऊ नको.

तुझाच,
भैयालाल