माडीची शिसवी जमीन

इतवारी, नागपूर
४ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. सत्यवतीस अनेक आशीर्वाद.

माडीच्या सागवानी फळ्यांना रंधा मारून झाला. आता रंगाचा प्रश्न आहे आणि तो घरात कोणी मनावर घेऊन नाही राहिलं. पॉलिशवाले नत्थूजी नमुन्याचे तीन तुकडे देऊन गेले: मधाळ, शिसवी आणि नुसतं तेल दिलेला. मी सर्वांची मतं घेतली. तुझी वहिनी तेल म्हणाली, मायही तेलच म्हणाली. म्हणून शिसवी नक्की केला, वरून चकचकीत वार्निश. शेजारच्या चंपतरावांनी मोझॅक टाकल्यापासून लोक त्यांच्याकडे पाय धुऊन जातात.

तुझं मत घेतल्याशिवाय पुढे जाणार नाही. नत्थूजी उद्या सकाळी येतात.

जावईबुवांना नमस्कार.
तुझा दादा रुपराव

कळमेश्वर
९ फेब्रुवारी

ती. दादास साष्टांग नमस्कार.

पत्र पोचेपर्यंत नत्थूजींचा पॉलिशचा एक हात देऊनही झाला असेल. तरी विचारलंस म्हणून सांगते, वार्निश नको. माडी मायची खोली आहे, तिच्या गुडघ्यांचा भरवसा नाही. तुझे पाहुणे वर्षातून दोनदा येतील, ती दिवसातून दहादा उठते. हे विचारतात, चंपतरावांना जमीन पाहायला तिकीट लावणार का?

रागावलास तरी पत्र पाठव.
सत्यवती

इतवारी
२० फेब्रुवारी

चि. सौ. सत्यवतीस आशीर्वाद.

तीन हात झाले. वाकलं की तोंड दिसतं. चंपतराव दारातूनच पाहून गेले. यावरून काय ते समज.

सध्या माडीवर कोणी चालायचं नाही असं ठरवलं आहे. खाटेच्या पायांनी चरे पडतात म्हणून मायची खाट तात्पुरती खाली भांड्यांच्या खोलीत टाकली. उशी तिने स्वतःच खाली नेली. समजूतदार आहे. दोन दिवस तुझ्याकडे येते म्हणाली, रविवारच्या बसमध्ये बसवून देतो. दोन दिवसांसाठी गादी आणि देवही बांधून घेतले आहेत. म्हातारपणी हट्ट वाढतो.

तुमची खुशाली कळवत जा.
रुपराव

कळमेश्वर
११ मार्च

ती. दादास नमस्कार.

माय परत येणार नाही म्हणते. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "फळ्यायले जागा आहे त्या घरात, मले नाही." रागात नाही म्हणाली, गहू निवडता निवडता म्हणाली. मग तू वेळेवर जेवतोस का, ते विचारलं.

आणखी काय लिहू?
सत्यवती

इतवारी
२५ मार्च

सौ. सत्यवती वन्संस सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र यांनी दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी पॉलिशपेपर आणून स्वतःच वार्निश घासायला बसले. आपलंच काम उतरवायला नत्थूजींनी साफ नकार दिला. आठ दिवस घासलं. आता जमीन कुठे काळी, कुठे तांबडी, चितकबऱ्या गाईसारखी झाली आहे. कालच चंपतराव हा नवा रंग कुठे मिळतो विचारून गेले.

हे रविवारी तिकडे येतात. माय नाही म्हणाली तर तिथंच राहतो म्हणतात, तेव्हा पीठ जास्त दळून ठेवा.

मुलांना माझा गोड पापा.
देवकी

कळमेश्वर
१ एप्रिल

सौ. वहिनीस नमस्कार.

दादा आला आणि तासभर संत्र्यांच्या भावावर बोलत बसला. मायने चहाचा कप पुढे केला, तर त्याला तो धरता येईना. तिने त्याचे दोन्ही हात उलटून पाहिले. तळव्यांना फोड आले होते. ती बराच वेळ हात सोडेना. मग म्हणाली, "चाल गा, घरी ने मले."

दादा अजून माफीची जुळवाजुळवच करत होता. दोघं चारच्या बसने निघाले. हे पत्र पोचेल तेव्हा माय माडीवर चालत असेल. मला तेवढं लिहून कळवा.

तुमची सत्यवती