टेपचे पाच वेढे

सोमवार, ३ फेब्रुवारी

"अर्धे इंजिनिअर" म्हणाले! तिच्यासमोर! ज्या दातांच्या डॉक्टरला स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडता येत नाही, तो मला म्हणतो! कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलं ते मी सोडलं. फी काय ह्यांच्या खिशातून जात होती? मामा शेजारीच उभा. सख्खा भाचा आहे मी, त्याच्याच गॅरेजात राबतो. पण हा नुसता पाना पुसत राहिला.

काम असं — डॉक्टरांच्या वडिलांची गाडी, साठ वर्षांची म्हातारी. इंजिन तापलं तर एक लाल दिवा लागतो, तोही सगळा सत्यानाश झाल्यावर. ती, म्हणजे डॉक्टरांची मुलगी, रविवारी पहाटे हीच गाडी घेऊन नव्या नोकरीच्या गावी जाणार. एकटी. वाटेत पंधरा किलोमीटरचा चढ. म्हणून तिनेच हट्ट धरला — दोन गेज बसवा, एक तेलाच्या दाबाचं, एक पाण्याच्या तापमानाचं. काटा बघून वेळेवर थांबता येईल. बापाच्या अटी — डॅशबोर्डला भोक नको, पाण्याचा थेंब गळायला नको.

जाणार म्हणजे जाणारच. मला कोण विचारतो?

मंगळवार, ४

दिवसभर डॅशबोर्डखाली उताणा. मान मोडली. पण भोक नाही पाडलं! रेडिओखालच्या जुन्या स्क्रूंनाच पत्र्याची पट्टी टांगली, दोन्ही गेज तिच्यात. जन्मापासून तिथेच असल्यासारखे दिसतात. अर्धे इंजिनिअर म्हणे!

शेवटी इंजिनात पाण्याचा सेन्सर. थेंब गळायला नको ना? मग आट्यांवर नळाची पांढरी टेप गुंडाळली. ती टॉर्च धरून उभी होती, वेढे मोजत होती. "तीन... चार... अरे, जखमेला पट्टी बांधतोयस का?" पाच वेढे दिले. थेंब काय, ओलसुद्धा नाही!

टॉर्चचा उजेड सारखा माझ्या तोंडावर येत होता. मुद्दाम? विचारायला हवं होतं. नाही विचारलं. गाढव!

बुधवार, ५

आज तर हद्द झाली. मामा गाडी फिरवून आणतो, बॉनेट उघडतो, रेडिएटरवर तळवा ठेवतो आणि म्हणतो, "तापतेय. दोन दिवस ठेवा, जाळी साफ करतो." काटा पावाच्याही खाली! मी दाखवला. "काटा काही म्हणू दे. हात सांगतोय."

माझं डोकंच फिरलं. "तुझा हात म्हणजे काय थर्मामीटर आहे?"

अख्ख्या गॅरेजने ऐकलं. बरं झालं! चाळीस वर्षं तळवे भाजून घेतले म्हणून काय आकडे खोटे?

डॉक्टर खूश. "मिस्त्री, जमाना बदलला! पोरगं बरोबर सांगतंय." घेऊन गेले गाडी. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझी बाजू घेतली, तर ती ह्या माणसाने! ती मात्र मामाच्या हाताकडे बघत होती. तळवा लाल झाला होता.

गुरुवार, ६

मामा बोलत नाही. मीही नाही. बघू कोण आधी तोंड उघडतं.

शनिवार, ८

दूधवाल्याच्या व्हॅनला तसंच गेज बसवायला घेतलं. टेप काढली तर मामाने ती हातातून ओढलीच! तीन दिवसांनी पहिलं वाक्य — "डॉक्टरच्या गाडीलाही लावलीस?"

"हो. पाच वेढे. म्हणूनच गळत नाही!"

मामाने टेप ड्रॉवरमध्ये टाकली, हात धुतले, स्कूटर काढून चालता झाला. ओरडायचं तर ओरड, शिकवायचं तर शिकव! ही मिठाची गुळणी कशाला? घरात आईचं तेच, इथे ह्याचं तेच. मी माणूस आहे की भिंत?

शनिवार, दुपारी

व्हॅनचा सेन्सर टेप न लावता बसवला. काटा दहा मिनिटांत मधोमध आला. मग इंजिन गार होऊ दिलं आणि निव्वळ खुन्नस म्हणून पाच वेढे देऊन परत बसवला. म्हटलं, मामाला दाखवतोच.

काटा उठेना. रेडिएटरला हात लावला, तर चटका!

सेन्सरची वीज इंजिनाच्या धातूतून परत जाते. धातूला धातू टेकायला लागतो. मी मध्ये पाच पदरी गोधडी घातली. पहिल्या वर्षाला शिकवलं होतं हे! पहिल्या वर्षाला!

म्हणजे म्हातारी खरोखर तापतेय. आणि ती माझ्या काट्यावर भरवसा ठेवून चढ चढणार.

पळतो.

शनिवार, संध्याकाळी

मामाची स्कूटर आधीच त्यांच्या फाटकाशी होती. अंगणात बॉनेट उघडं, सेन्सरवरून सोललेली पांढरी टेप खाली पडलेली, गाडी धडधडत उभी, काटा थेट लालात. डॉक्टर ओरडत होते — "माझी मुलगी एकटी जाणार होती, मिस्त्री! एवढे जुने तुम्ही, आणि ही चूक?" मामा मान खाली घालून म्हणाला, "टेप मीच लावली, डॉक्टर. पोराला काही बोलू नका."

ती पायरीवर उभी. मला फाटकाबाहेर पाहिलं तिने.

कडी काढून आत गेलो. "पाच वेढे," म्हणालो. "मी दिले. हिने मोजलेत."