चालेल, काका

मुक्काम अमरावती,
माघ वद्य द्वितीया, शके १७८६

राजमान्य राजेश्री म्हाबळूशेट यांसी, म्हापसे, मुलूख गोवा.

उत्तमरावाचा रामराम. इकडे सर्व खुशाल, तिकडची खुशाली कळवावी. वहिनींस नमस्कार.

तुमचं पत्र काल पोचलं. सगुण आमचं घर सोडून अकोल्याले महादेवराव अडत्याकडे काहून गेला, असं तुमी मले इचारता. शेटजी, हे त्याले इचारा! मले काहून? पोरगा तुमचा, वळण तुमचं. आपल्या पायानं आला, आपल्या पायानं गेला. वरतून तो तुमाले लिहिते की, 'उत्तमरावकाकांच्या घरी माझे फार लाड झाले.' लाड! वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं चार शिव्या लिहिल्या असत्या तर मी आठ लिहिल्या असत्या अन् मोकळा झालो असतो.

मुंबईत पोरगं बिघडेल म्हणून तुमी त्याले इंग्रजी शिकाले आमच्या घरी धाडलं. परमुलखातलं लेकरू म्हणून आमी काय कमी केलं? आमच्या कुटुंबानं, गोदाबाईनं, ज्वारीची भाकर वाढली, ती त्यानं पाणी पिऊन पिऊन गिळली. भात पाहिजे, हे तोंडातून काढलं नाही. तिखटानं डोळ्यांतून धारा लागल्या, अन् हा म्हणते, "छान झालंय, काकू." जेवून उठला की आपलं ताट आपणच घासते! पाव्हण्यानं आमच्या आडावर ताट घासावं? सारी आळी पाहून राह्यली, अन् हा राखुंडी मागून राह्यला. गोदाबाई ताट हिसकून घ्याची तर म्हणे, "असू द्या."

आमच्या वऱ्हाडात असं नसते, शेटजी. पटलं नाही तर माणूस तोंडावर बोलते, भांडते, अन् भांडून त्याच पंगतीत जेवाले बसते. तुमच्या पोराले काहीही इचारा, उत्तर एकच. चालेल, काका.

आता कुठून तरी तुमच्या कानावर येईनच, म्हणून मीच सांगतो. यंदा कापसाचं काय झालं ते तुमाले ठाऊक आहे. सातासमुद्रापल्याड गोऱ्यांची लढाई, तिकडचा कापूस अडला, अन् इथं भाव रोज चढून राह्यला. कोण येडा आज विकते? वखार भरली, माडी भरली. मग मी सगुणले म्हटलं, "तुझ्या खोलीत थोडा कापूस ठेवू का रे?" तो म्हणाला, "चालेल, काका." झालं! आमी ठेवला. थोडाच ठेवाचा होता, पण आढ्यापर्यंत गेला. मग त्याचं अंथरूण ओसरीवर आलं. पौष होता. हो, थंडी होती. खोकत होता थोडा. मी इचारलं होतं ना त्याले, "इथं जमते ना रे?" काय म्हणाला असंल, तुमीच सांगा.

अन् कापसानं भरल्या घरात मी दिवा लावू देईन काय? एक ठिणगी पडली म्हणजे? "दिवा लावाचा नाही," म्हटलं. तेही चाललं त्याले.

मग हा वाचते कुठं? समोरच्या अय्युब अत्तरवाल्याच्या दुकानात, त्याच्या दिव्याखाली पुस्तक धरून! मले पत्ता नाही. भर बाजारात अय्युबच म्हणाला, "उत्तमरावजी, इतना कपास हुआ, घर में तेल नहीं बचा क्या?" लोक हसले, शेटजी. माझ्या बापाले असं कोणी बोललं नव्हतं. मी तसाच त्याच्या दुकानात गेलो, पोराचं मनगट धरलं, अन् कोणीही बोललं असतं तेच बोललो.

म्हटलं, "माझं घर पुरत नसंल तर निघ! अकोल्याले जा, नाही तर जहन्नमात जा!"

रागात माणूस म्हणते. मी माझ्या सख्ख्या भावाले दर महिन्याले म्हणतो, तो कधी गेला का? तुमच्या पोरानं मले वाकून नमस्कार केला, "बरं, काका," म्हणाला, अन् सकाळी वळकटी बांधून निघाला! अरे, खरंच निघाला! असं कोणी जाते का? गोदाबाईनं त्याच्या हातावर दही ठेवलं, अन् तवापासून ती माझ्याशी धड बोलत नाही.

एकदाच बोलली. "मुंबईत शेटजींच्या बिऱ्हाडी तुमाले ताप भरला, तवा त्यांनी तुमाले कुठं निजवलं होतं?" मी म्हटलं, गप बैस. मले का आठवत नाही? तुमी आपली खाट मले दिली अन् खाली निजले. मी "राहू द्या, मी खाली निजतो" म्हटलं, तर तुमी मलेच दटावलं.

परवा गडी लावून सगुणची खोली रिकामी केली. कापूस ठेवाले दुसरी जागा नव्हती, म्हणून आमच्या निजाच्या खोलीत भरला. काल आमी दोघं ओसरीवर निजलो. लय बोचरा वारा येते हो इथं, अन् खालून जमीन गार. गोदाबाई म्हणाली, "लेकरू इथं खोकत होतं, अन् आपण आत कापूस निजवला."

उद्या दमणी जुंपून अकोल्याले जातो. माफी-बिफी मले जमत नाही, आधीच सांगून ठेवतो. मी त्याले म्हणीन, चाल घरी, अन् आंगणात उभा राहून मले भांड. अय्युबले ऐकू जाईन असं भांड. फाल्गुनात त्याची परीक्षा आहे. खोलीत समई मांडली आहे, तेल घातलं आहे.

'नाही येत' म्हणाला तर मी ऐकून घेईन. त्याचं मले भेव नाही. पण तो पुन्हा "चालेल, काका" म्हणाला, तर मी काय समजू? तुमी बाप आहा त्याचे. त्याचं खरं 'चालेल' कोणतं अन् खोटं कोणतं, हे तुमी मले आधी काहून नाही सांगितलं?

कळावे. रागवा, पण लोभ तोडू नका.

मुक्काम ओसरी,
उत्तमराव