बिनखुणेचं गाठोडं

१२ फेब्रुवारी २००७

पोपटला ॲम्ब्युलन्समधून नेलं. आमच्या बिल्डिंगखाली त्याची इस्त्रीची गाडी. उभ्याने इस्त्री करता करता गाडीवरच पालथा पडला. सेक्रेटरी हिंमतरावांची पँट जळाली, ते आधी पँटकडे धावले.

सकाळीच मी त्याला बोलले होते. सुनेच्या साडीच्या पदरावर सुरकुती ठेवलीन. म्हटलं, डोळे गहाण टाकलेस का रे? तो वाकला, पोट धरलं. मला वाटलं हसतोय.

१३ फेब्रुवारी

आतडं फुटलं म्हणे. आतडं म्हणजे काय फुगा! रात्रीच ऑपरेशन झालं. त्याच्या बायकोने, तुळजाबाईने, घरात होतं नव्हतं ते भरलं. आता आयसीयूचे रोजचे वेगळे. मी बघायला म्हणून गेले आणि चार तास अडकले. ती बाई बोलत नाही, रडत नाही, नुसती पिशवी मांडीवर घेऊन बसते. कागद आला की माझ्याकडे सरकवते. मी चौथी पास, तिच्यापुढे मी वकील!

फॉर्मवर ‘जबाबदार व्यक्ती’ असा रकाना. संजयला फोन लावला. मुलगा माझा, हडपसरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. म्हणाला, “आई, तिथे सही करायची नाही. बिल आपल्यावर येतं.” नाही केली. तुळजाबाईचा अंगठा घेतला. सोबत कोण, नातं काय, असंही विचारलं. ‘शेजारी’ लिहायला सांगितलं. खोटं काय त्यात?

१४ फेब्रुवारी

संजयच्या कंपनीने मला एक कार्ड दिलंय. आजारी पडलं की हे दाखवायचं, पैसे कंपनी भरते. तीन वर्षं कपाटात आहे, मला साधं पडसं नाही. आज ते काउंटरवर नेऊन ठेवलं. म्हटलं, हे पोपटला वापरा, मी तरी काय करू त्याचं? पोरगी म्हणाली, “आजी, ह्यावर तुमचं नाव आहे.” म्हटलं, नाव माझं असू दे, माझ्या वाटणीचं आजारपण त्याला गेलंय असं धरा. ती हसत सुटली. संजय घरी येऊन ओरडला, पोलीस केस झाली असती म्हणे.

मला काही कळेना. जी आजारी नाही तिला विमा, आणि जो निखाऱ्यापुढे सोळा वर्षं उभा आहे त्याला विचारतात, कंपनी कुठली? गाडी हीच त्याची कंपनी.

१५ फेब्रुवारी

बिल्डिंगमधून वर्गणी काढायला निघाले. सगळ्यांना वाईट वाटतंय. पैसे मात्र पगार झाल्यावर. हिंमतराव तर उलट मलाच म्हणाले, लग्नाला जायचंय, आधी माझा सफारी काढून द्या.

तेव्हा सुचलं. पोपटच्या गाडीवर चाळीस घरांचे कपडे पडलेत. वॉचमनकडून सगळे त्याच्याच, वॉचमनच्या, खोलीत टाकून घेतले आणि कुलूप लावलं. किल्ली कमरेला. आधी पोपटचे पैसे, मग कपडे! ह्यांनी येरवड्याच्या तुरुंगात तीस वर्षं वॉर्डरची नोकरी केली. कुलपाचं मला कोणी शिकवू नये.

१६ फेब्रुवारी

काय चाललंय! पगार न झालेले सगळे सकाळी सात वाजता दारात. हिंमतराव पहिले.

१७ फेब्रुवारी

खोलीत नुसता गोंधळ. सगळी पोरं कंपनीतली, सगळ्यांचे शर्ट निळे. कोणाचा कुठला? पोपटला वाचता येत नाही, तो कॉलरच्या आत रंगीत दोऱ्याचा टाका घालतो. लाल दोन टाके म्हणजे हिंमतराव, हिरवा एक म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे बापूराव, असं. तुळजाबाईला सगळ्या खुणा पाठ. ती दवाखान्यातून तासभर येते, कॉलर उलटी करते, घर सांगते. तेवढंच बोलते.

कोणी पाचशे दिले, कोणी दोन हजार. आमच्याकडून मी काही घातलं नाही. आमच्या वाटणीचे माझे पाय झिजतायत ना!

१९ फेब्रुवारी

सगळे कपडे गेले. एकच गाठोडं उरलंय, त्याला खूणच नाही. पोपटच्या घरचं असेल म्हणून तुळजाबाईकडे पाठवलं, तर तिने तसंच परत पाठवलं. तीन दिवस कोणी फिरकत नाही. पैसे चुकवायला तोंड लपवलंय! एका शर्टाला बटण काळ्या दोऱ्याने लावलंय. निळ्या शर्टाला काळा दोरा! कसली बाई असेल त्या घरात.

गेटजवळच्या फळ्यावर खडूने लिहून आले — गाठोडं ज्याचं असेल त्याने न्यावे. आजारी माणसाला बुडवू नये. लाज असेल तर.

२० फेब्रुवारी, दुपार

पोपटच्या पोटात पू झालाय. उद्या पुन्हा उघडायचं म्हणतात. जमवलेलं अर्ध्यालाही पुरत नाही. डॉक्टर म्हणाले, थांबून चालणार नाही. काउंटर म्हणतं, पगारदार किंवा पेन्शनवाल्या माणसाची सही आणा, मग बाकीचं नंतर भरा. तुळजाबाईने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

ह्यांची पेन्शन म्हणजे माझं एवढंच आहे. पोपट माझा कोण? कोणी नाही. मग घास का उतरत नाही?

२० फेब्रुवारी, संध्याकाळ

निकिता, सून माझी, ऑफिसातून आली आणि फळा वाचून खिडकीतून वॉचमनच्या खोलीत डोकावली. वर येऊन म्हणाली, “आई, ते गाठोडं आपलं आहे. संजयचे शर्ट.”

म्हटलं, काहीतरीच. काळ्या दोऱ्याचं बटण आपल्याकडे कोण लावेल?

“तुम्हीच लावलंत, दिवाळीत. चष्मा सापडत नव्हता.”

खाली जाऊन फळा पुसला. हिंमतराव बघत उभे होते. त्यांनी काही विचारलं नाही, नशीब त्यांचं.

मग दवाखान्यात गेले. तुळजाबाईला म्हटलं, तुला ठाऊक होतं तर बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही घरोघर पैसे मागत होता, तुमच्याकडे कोणत्या तोंडाने मागू?

“आणि आमच्या कपड्यांना खूण का नाही?”

“खूण परक्यांच्या कपड्यांना, आजी. आमच्याही कपड्यांना नाही. हे म्हणतात, एवढं रोज बोलतं ते घरचंच माणूस. परकं माणूस पैसे देऊन गप निघून जातं.”



२१ फेब्रुवारी

पेन्शनचं पासबुक घेऊन गेले. संजयला सांगितलेलं नाही. फॉर्मवरचं ‘शेजारी’ खोडायला लावलं. ‘घरचे’ लिही म्हटलं. पोरगी म्हणाली, आजी, मग उरलेलं बिल तुमच्यावर येईल. म्हटलं, घरच्यांवर नाही तर काय तुझ्यावर येईल? सही रेघेच्या बाहेर गेली. चालते म्हणाली.

चार वाजता त्याला आत नेलंय. पदरावरची सुरकुती मी विसरलेले नाही.