लाईट गेली, पंखा फिरतच राहिला

रविवार, संध्याकाळ. गोडादरा.

आज लाईट गेली, पण घरात काहीच थांबलं नाही. पंखा चालू होता तो मी हौसेने घेतलेल्या बॅटरीच्या पेटीवर. पेटी गावी जाताना गाडीत ठेवता येते, जास्त वेळ हवी असेल तर वर दुसरी बॅटरी बसते, तीही घेतली आहे. मग आज तीच का खुपली मला?

लहानपणी लाईट गेली की गल्लीतले सगळे लूम, कापड विणायचे माग, एकदम गप्प व्हायचे. समोरच्या कारखान्यात माझे वडील, आबा, आधी आपल्या मागांचे हँडल ओढून ते बंद करून ठेवायचे, नाहीतर लाईट येताच माग दणक्यात सुरू होऊन सुताचे तार तुटायचे. मग घाम पुसत आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. एरवी बारा तासांची पाळी, नंतर झोप. आम्हाला आबा मिळायचे ते असे. लाईट आली की अख्खी गल्ली आनंदाने ओरडायची. आम्ही भावंडं नाही.

आज शेजारची बाई ओरडली, "लाईट गई!" खुर्चीतल्या आबांचा उजवा हात आपोआप पुढे झाला, हँडल ओढायला. मग त्यांनी फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवला. "आपली नही गई," म्हणाले.

तो हात बघवेना. मी उठून पेटीचं बटण बंद केलं.

"बंद पडनी का?"

"हो आबा, बॅटरी संपली."

"चाल मग, ओटावर बसूत."

दोन्ही बॅटऱ्या भरलेल्या होत्या.