यांनी आणलेला ताजमहाल

॥ श्री महालक्ष्मी प्रसन्न ॥

मी दगडाबाई आप्पासाहेब औताडे, वय आधार कार्डावर बहात्तर (खरं किती ते आईबरोबर गेलं), राहणार पदमपुरा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहीत आहे. डोकं जागेवर आहे. शुगर आहे, पण ती डोक्यात गेलेली नाही असं डॉक्टर म्हणाले. मला कुणी धरून बसवलेलं नाही, कुणी धमकावलेलं नाही, उलट सूनबाईनं मगाशीच चहा दिला. शाळा चौथीपर्यंत झाली, म्हणून अक्षराला हसू नये.

वकीलीणबाई सुकेशनी यांनी मला एक छापील नमुना दिला होता. त्यात रिकाम्या जागा भरायच्या होत्या. मी रिकाम्या जागा भरल्या आणि कडेकडेनंही लिहिलं. त्या म्हणाल्या, "मावशी, मृत्युपत्रात गोष्टी लिहीत नसतात. काय आणि कुणाला, एवढंच." मी म्हटलं, "का दिलं, ते लिहिलं नाही तर पोरं मागून भांडतील, आणि तवा मी नसणार सांगायला." मग त्या हसल्या. म्हणाल्या, "लिहा. फक्त शेवटी सही विसरू नका."

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. दोन सालांमागं रागाच्या भरात वहीच्या पानावर लिहिलं होतं की सगळं देवळाला द्या. ते पान आता सापडत नाही. सापडलं तर ते रद्द समजावं.

कलम पहिलं. घर माझ्या नावावर आहे. खालच्या दोन खोल्या, ओसरी आणि मागची मोरी माझा मुलगा सुदर्शन याला. वरची खोली माझी मुलगी तनुजा हिला. सुदर्शन म्हणेल, लेकीला घरात वाटा कुठं देतात? तर मी देते. जिना बाहेरून आहे, तिला कुणाला विचारून चढायचं काम नाही.

कलम दुसरं. पोस्टात जे काही असेल ते दोघांना सारखं. यावर मी जास्त लिहीत नाही.

कलम तिसरं. पुरणयंत्र सूनबाई निशा हिला, कारण ती माझ्यापेक्षा पुरण चांगलं करते. हे मी तिला तोंडावर कधी म्हटलं नाही, इथं म्हणून ठेवते. माझ्या जाऊबाई साळूबाई यांच्याकडं माझं पितळी घंगाळ आहे. पाहुण्यांच्या आंघोळीला म्हणून नेलं, त्याला एकोणचाळीस वर्षं झाली. ते मी त्यांना आजपासून बक्षीस देते. आता तरी लग्नाकार्यात मला बघून त्यांनी खांबाआड होऊ नये.

माझं खुरपं मात्र कुणाला देऊ नये आणि भंगारातही घालू नये. ते काचेच्या कपाटात, खालच्या फळीवर ठेवावं. का, ते पुढं येईल.

कलम चौथं. आता ज्याच्यासाठी हा कागद लिहायला घेतला, ते काचेचं कपाट. त्यात एकेचाळीस इमारती आहेत. मोठ्यातली मोठी वीतभर, लहानातली लहान किल्लीच्या कडीला लटकणारी. हे, म्हणजे माझे यजमान, यात्रेच्या बसवर ड्रायव्हर होते. जिथं गाडी जाईल तिथून एक इमारत आणायचे. साडी विटते, मिठाई पोरं संपवतात, इमारत राहते, असं त्यांचं म्हणणं. चारमिनार, गोलघुमट, हवामहल, कोणार्कचं चाक (ही इमारत नाही, पण मोजली आहे). कुतुबमिनाराच्या पोटात गर्मी मोजायची नळी बसवलेली आहे. शेजारच्या मनकर्णाबाई मे महिन्यात रोज येऊन ती बघतात आणि म्हणतात, "बघ, मी म्हटलं नव्हतं, लई ऊन आहे." कुतुबमिनार मनकर्णाबाईंना द्यावा. म्हणूनच त्यांची सही साक्षीला घेतली नाही. ज्याला काही मिळणार त्यानं साक्षीला न राहिलेलं बरं, असं वकीलीणबाई म्हणाल्या. मनकर्णाबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला सहीचा काय मान नको बाई, मला तो मिनार दे."

पुढं यांचं ड्रायव्हिंग सुटलं आणि लोक आणून द्यायला लागले. भाच्यानं पॅरिसचा टॉवर आणला. मी म्हटलं, असले विजेचे टॉवर गावाकडच्या शिवारात दोन आहेत, एवढ्या लांब कशाला गेलास? इटलीचा वाकडा मनोरा आला तवा मी खाली पुठ्ठा घालून तो सरळ केला. चार महिने तसाच होता. माझी नात राजनंदिनी, सुदर्शनची मुलगी, ती बघून हसून हसून खाली बसली.

दर साली आमच्याकडं महालक्ष्म्या उभ्या राहतात. त्यांच्यापुढं आरास म्हणून बाकी बायका बाहुल्या, बैलगाड्या मांडतात. मी इमारती मांडते. रांगोळीचे रस्ते काढते, मोहरी पेरून हिरवळ करते. पहिल्या साली साळूबाईंनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "देवीपुढं हैदराबाद मांडायलीस व्हय गं?" मी म्हटलं, "तीन दिवस माहेराला आलेली बाई नुसती चुलीकडं बघत बसंल का? तिला पण गावं बघू दे की." मी स्वतः तुळजापूरच्या पलीकडं गेलेली नाही. पण आरास मांडली की मला कुठं गेले नाही असं वाटत नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना मी दुबईपासून दिल्लीपर्यंत फिरवून आणते, चप्पल न घालता.

कपाट आणि बाकीच्या इमारती राजनंदिनीला. तिलाच का, तेही पुढच्या कलमात आहे.

कलम पाचवं. ताजमहाल.

याच्यावरून माझी दोन लेकरं बोलत नाहीत. तीन वर्षं होत आली. हे एकवीस साली गेले. पुढच्या सालच्या लक्ष्म्या झाल्या, आरास मोडायला घेतली, आणि तनुजा म्हणाली, "दादा, बाबांचा ताजमहाल मी जालन्याला नेते."

सुदर्शन म्हणाला, "घरातली वस्तू लेकीबरोबर जात नसती."

"बाबा काय एकट्या तुझे होते?"

"शेवटी उशापायथ्याला कोण होतं? तू तर पाहुण्यासारखी आलीस नि गेलीस."

असं बोलायला नको होतं. तिनं पिशवी उचलली, माझ्या पाया पडली आणि उन्हात निघून गेली. त्यानंतर दोनदा लक्ष्म्या आल्या, ती आली नाही. माहेरवाशिणीच्या सणाला माझी माहेरवाशीण नाही. सोळा भाज्या केल्या, पण मुखवट्यांकडं मान वर करून बघवलं नाही.

तर सुदर्शन आणि तनुजा, दोघांनी नीट ऐका.

साल चौऱ्याऐंशी. तोवर तुमचे बाबा शिर्डी, तुळजापूर एवढंच करायचे. पहिल्यांदा लांबची खेप मिळाली, मथुरा आणि आग्रा. गल्लीनं गाडीच्या नावानं नारळ फोडला, मी टिळा लावला, तुम्ही दोघं चौकापर्यंत पळत गेलात. आठ दिवसांनी हे परत आले. एका हातात पेठ्याचा पुडा, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला ताजमहाल. सगळी गल्ली जमली. हे सांगायला लागले, संगमरवर पायाला कसा गार लागतो, मागनं यमुना कशी वाहते. मी कागद सोडला आणि बघतच राहिले.

तो ताजमहाल नव्हता. आपला इथला बीबीचा मकबरा होता.

लग्नानंतर पाच वर्षं मी मकबऱ्याच्या बागेत रोजंदारीनं गवत काढायला जायचे. खुरपं ते. उकिडवं बसलं की समोर दुसरं काय दिसणार? गाइड लोक पाहुण्यांना रोज तेच सांगायचे, की आग्र्याचे मिनार घुमटापासून अंग सोडून उभे आहेत, इथले खेटून आहेत आणि उंच दिसतात. मला ते पाठ झालं होतं. आणि पेठ्याच्या पुड्याला लाल-पिवळा दोरा होता. तसला दोरा गुलमंडीतला एकच मिठाईवाला बांधायचा.

मी यांचं तोंड बघितलं. माणूस मोठमोठ्यानं सगळ्या गल्लीला सांगत होता, माझ्याकडं तेवढा बघत नव्हता. ज्या बायकोनं पाच वर्षं मकबऱ्याचं गवत काढलं तिलाच मकबरा दाखवून ताजमहाल म्हणायचं, म्हणजे माणसाला किती सुचेनासं झालं असेल. मी एवढंच विचारलं, "यमुनेला पाणी होतं का?"

हे म्हणाले, "लई होतं."

मी म्हटलं, "बरं झालं." आणि मकबरा देवळीत ठेवला.

पुढं सदतीस वर्षं तो ताजमहालच होता. हे सगळा देश फिरले, पण आग्र्याची खेप आली की दुसऱ्याला द्यायचे. म्हणायचे, माझं बघून झालंय. जावई शिवराज यांनी एकदा हौसेनं आग्र्याहून खरा ताजमहाल आणला. तो मी त्याच दिवशी मनकर्णाबाईंच्या नातीला देऊन टाकला. जावई रुसले, ते मला कळलं. पण दोन्ही शेजारी शेजारी ठेवले असते तर आंधळ्यालाही फरक दिसला असता, आणि हे घरातच होते. जावईबापूंनी मला माफ करावं. लंडनचं घड्याळ त्यांना द्यावं, त्याला सेल घालावा लागतो.

एकदा मात्र हे पकडले गेले असते. राजनंदिनी सहावीत असताना शाळेच्या सहलीला मकबऱ्यावर जाऊन आली आणि आरास बघून ओरडली, "आज्जी, हा ताजमहाल नाय, हा तर आपला..." मी तिच्या तोंडात अख्खी करंजी कोंबली. पोरगी हुशार. करंजी खाल्ली, आजोबांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि आजतागायत एक अक्षर बोलली नाही. म्हणून कपाट तिला, आणि हे सगळं माझ्यामागं नीट वाटून द्यायचं कामही तिलाच.

हे गेल्यावर दहाव्याला खुलताबादहून केरबा आले. यांचे जुने दोस्त. तिथं दर्ग्याच्या रस्त्याला त्यांचं चहाचं हॉटेल होतं. ते म्हणाले, "वहिनी, एक सांगायचं राहिलं होतं. त्या साली मालकानं ऐनवेळेला गाडी दुसऱ्या ड्रायव्हरला दिली. आप्पा म्हणला, गल्लीनं नारळ फोडलाय, आता कोणत्या तोंडानं घरी जाऊ? आठ दिवस माझ्या हॉटेलात कपबशा धुतल्या त्यानं." तेवढ्यात माणसं आली आणि बोलणं तुटलं. पेठा गुलमंडीतून कुणी आणला, ते विचारायचं राहूनच गेलं. हे स्वतः तिथं जाणं शक्य नव्हतं. गुलमंडीत अर्धा पदमपुरा फिरत असतो.

तर ज्या वस्तूसाठी तुम्ही तोंडं फिरवली ती वस्तू अशी आहे. ती तुमच्या बाबांनी आग्र्याहून आणलेली नाही. कपबशा धुऊन आणली आहे. मला ती खऱ्यापेक्षा जास्त आवडते.

ती मी तनुजाला देते, पूर्ण मालकीनं. पण लक्ष्म्या सुदर्शनच्या घरी उभ्या राहतात, आणि आराशीत दोघींच्या मधली जागा ताजमहालाची आहे. म्हणून दर साली लक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी सुदर्शननं स्वतः जालन्याला मुऱ्हाळी जावं. फोन करून भागवू नये, गाडी पाठवू नये. भाऊ बहिणीला माहेरी आणायला जातो तसं जावं, तिच्या हातचा चहा प्यावा, आणि तिला ताजमहालासकट घेऊन यावं. तिनं तीन दिवस राहावं. आरास मोडली की आपला ताजमहाल परत न्यावा.

ज्या साली भाऊ जाणार नाही त्या साली ती जागा मोकळी ठेवावी. दुसरं काही तिथं मांडू नये. बायकांनी विचारलं, इथं काय असायचं, तर उत्तर सुदर्शननंच द्यावं.

वकीलीणबाई म्हणाल्या, "मावशी, ही अट कोर्टात टिकेल का ते सांगता येत नाही." मी म्हटलं, "कोर्टात कशाला? घरात टिकली म्हणजे झालं."

कलम सहावं. माझं काही जास्त करू नये. तेराव्याला बुंदी नको, पेठा ठेवावा. आग्र्याचाच पाहिजे असं नाही.

कलम सातवं आणि शेवटचं. असा कागद माणूस गेल्यावर उघडतात म्हणे. मला ते पटलेलं नाही. तुमचं तोंड पुन्हा जुळलेलं बघायला मी नसले तर माझा काय उपयोग झाला? म्हणून यंदा लक्ष्म्या यायच्या आधीच्या रविवारी मी दोघांना मकबऱ्यावर बोलावणार आहे. तनुजाला एकच सांगणार की आईनं बोलावलं, सुदर्शनलाही तेच. बागेत गवतावर बसून हा कागद मी स्वतः वाचून दाखवीन. वस्तू पिशवीत असेल. समोर धरा, मिनार मोजा, पटवून घ्या. तिकिटं मी काढीन. त्याआधीच मला काही झालं, तर हे काम राजनंदिनीनं करावं.

पण घरी आल्यावर, आरास मांडल्यावर, बायका बघायला आल्या आणि हे काय म्हणून विचारलं, तर ताजमहालच सांगा. आणि यमुनेला लई पाणी होतं, तेही सांगा.

वर लिहिलेलं सगळं मी पुन्हा वाचलं. दोन ठिकाणी रडले, ते डाग माझेच आहेत, खाडाखोड समजू नये. खाली सही करते.

सही: दगडाबाई आप्पासाहेब औताडे
ठिकाण: पदमपुरा, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ४ ऑगस्ट २०२५, श्रावणी सोमवार

आमच्यासमोर बाईंनी कागद वाचला आणि सही केली. त्यांच्यानंतर, त्यांच्यासमोरच आम्ही सह्या केल्या.

साक्षीदार १: रूपा बिभीषण घुगे, अंगणवाडी सेविका, पदमपुरा

साक्षीदार २: केरबा लिंबाजी ठेंगे, खुलताबाद. वहिनी, पेठा मी आणला होता.