शिंगराचा अर्धा आवाज

प्रिय ठमे,

मंगळवारी तुझा फोन झाला आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. काल भाजीत दोनदा मीठ घातलं. बाबा मुकाट्याने जेवले. मिठावरून गप्प बसणारा तो माणूस नव्हे, तुला माहीत आहे. म्हणजे त्यांचंही मन जेवणात नव्हतं. आम्ही दोघं तुझ्याबद्दल एकमेकांशी बोलत नाही, फक्त एकमेकांकडे बघतो. मला तुला काहीतरी विचारायचं आहे, पण ते फोनवर विचारता येणार नाही. म्हणून लिहायला बसले. आधी इथलं सांगते, म्हणजे हात जरा सैल होईल.

आपल्या मोठीबाई गाढवीला शिंगरू झालं. तू शेवटची आलीस तेव्हा ती गाभण होती आणि तू तिच्या पोटाला कान लावून बसली होतीस. शिंगराचं नाक काळं, गोल, म्हणून आम्ही त्याला बटण म्हणतो. मला वाटायचं, गाढव जन्मतंच ओरडत. इतकी वर्षं या जनावरांत काढली, पण कधी नीट लक्षच दिलं नव्हतं. बटण तर नुसता नाकातून फुसफुसायचा. भूक लागली की ओल्या चपलेसारखा बारीक कुरकुर आवाज काढायचा. मी घाबरले, म्हटलं मुका निघाला की काय. बाबा हसले. "मग काय, पोटातून भोंगा घेऊन येणार होता?" म्हणाले. मग त्यांनी मला नीट समजावलं. गाढवाच्या ओरडण्यात दोन भाग असतात, एक श्वास आत ओढतानाचा आणि एक बाहेर टाकतानाचा. आपल्या शिंगरांना आतला आधी जमतो, तोही तुटक, गंजलेल्या बिजागरीसारखा. बाहेरचा, तो सगळी गल्ली हलवणारा, छाती भरल्यावर येतो. कुणाला वर्ष लागतं, कुणाला जास्त. तोवर ते आईचं ऐकतं आणि आपलं आपण करून बघतं.

पण बटणने ऐकायचं कुणाचं? समोरच्या घरात आता लॉज झालंय. त्याचा मॅनेजर रोज हात जोडून दारात. "काका, गिऱ्हाईकं पहाटेच बॅगा भरतात हो!" शेवटी बाबांनी त्यांच्या वडिलांची जुनी युक्ती काढली. शेपूट वर उचलल्याशिवाय गाढवाला ओरडता येत नाही, असं आजोबा म्हणत. म्हणून संध्याकाळी ओझी उतरवली की प्रत्येकीच्या शेपटीला वाळूची एक पुरचुंडी बांधायची. खरं-खोटं देव जाणे, पण सगळ्या गप्प झाल्या. मोठीबाई सुरुवातीला मान वर करायची, तोंड उघडायची, आणि मग तसंच मिटून घ्यायची. पुढे पुढे उघडायचीही बंद झाली. शेजारीपाजारी म्हणायला लागले, किती गुणी जनावरं आहेत तुमची. मला तेव्हा ते ऐकून बरंच वाटायचं.

शनिवारी वरच्या टेकडीवर वाळू पोचवायची होती. तिथे पायऱ्याच आहेत, गाडी जात नाही. परत येताना असं धुकं उतरलं की पुढच्या गाढवाची शेपूट दिसेना. घरी आलो, ओझ्याच्या गोण्या काढल्या, पुरचुंड्या बांधल्या, पाणी दाखवलं, आणि मग लक्षात आलं की बटण नाही. आईच्या मागे मागे येतो म्हणून त्याला आम्ही दोर लावत नाही. बाबा बॅटरी घेऊन तसेच पळाले. मी पायऱ्यांच्या तोंडाशी उभी राहून "बटण, बटण" हाका मारत सुटले. त्याला कुठे ठाऊक, त्याचं नाव बटण आहे ते! वर नव्या घराच्या पायाचे खड्डे खणून ठेवलेत आणि त्यांत पाणी साचलंय, हे मला माहीत होतं. बाबांनाही माहीत होतं. दोघांनीही ते तोंडातून काढलं नाही.

इकडे मोठीबाई खुंट्याभोवती गरगर फिरत होती. कुशी भात्यासारख्या हलत होत्या, तोंड उघडं, आणि आवाज नाही. मी वेड्यासारखी तिच्यापुढे चारा टाकत होते. शेवटी शेजारचे गवंडीकाका कुंपणावरून खेकसले, "वहिनी, चारा कसला घालताय, तिला ओरडू द्या की!" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी कात्री आणून पुरचुंडीची दोरी कापली. ती क्षणभर तशीच उभी राहिली, जणू तिचा विश्वासच बसत नव्हता. आणि मग अशी ओरडली, ठमे, की लॉजच्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

वरून काही आलं नाही. ती पुन्हा ओरडली. मग खूप लांबून, कोरड्या पडलेल्या हापशासारखा आवाज आला. नुसता आत ओढलेला. तुटला. परत आला. बाहेरचा भाग आलाच नाही, पण बाबांना तेवढा पुरला. त्या आवाजाच्या रोखाने ते गेले आणि खड्ड्यात पोटापर्यंत पाण्यात उभा असलेला बटण त्यांनी गोणीत घालून वर काढला. पुढचा पाय खरचटलाय, बाकी ठीक आहे. सकाळी मॅनेजर आला तेव्हा बाबा त्याला एवढंच म्हणाले, "गिऱ्हाईकांना कानात घालायला कापूस द्या."

आता तुझा फोन. मी विचारलं, चार दिवस येतेस का? तू श्वास आत घेतलास. मला तो स्पष्ट ऐकू आला. त्याच्यापुढे तुझा शब्द यायला हवा होता, पण जावई बोलले. "तिला इथेच बरं वाटतं, आई." आणि मग तू म्हणालीस, हो, बरं वाटतं. हल्ली फोन नेहमी स्पीकरवर असतो. हल्ली तू आधी त्यांचं वाक्य होऊ देतेस. जेवलीस का, एवढं विचारलं तरीही. केसांची क्लिप सापडली नाही म्हणून घर डोक्यावर घेणारी माझी पोर. लग्नानंतर मुली शांत होतात, असं सगळ्यांनी मला सांगितलं. मी ते मानत होते. शनिवारपासून मानत नाही.

म्हणून हे पत्र घरी न पाठवता तुझ्या कामावर, दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवते आहे. गुरुवारी दुपारी तुमची जेवणाची सुट्टी होते, तेव्हा बाबा आणि मी दवाखान्याशेजारच्या औषधांच्या दुकानासमोर गाडी लावून थांबू. माझा नुसता गैरसमज असेल, तर ये आणि पोटभर हस मला. तिघं मिळून चहा पिऊ आणि आम्ही परत जाऊ. बाबा पुढे वर्षभर माझी टर उडवतील, आणि मी आनंदाने उडवून घेईन. पण गैरसमज नसेल, तर कपडे आणायला घरी जाऊ नकोस, कुणाला विचारायला थांबू नकोस, आम्हालाही काही समजावत बसू नकोस. असशील तशी ये आणि गाडीत बस. दार मी आतून उघडून धरलेलं असेल.

तुझीच, नुसती वाट बघत न बसता निघालेली,
आई